जुनी पिकअप: गरम झाली की पेडल दगड आणि गाडी ओढत नाही. पंप काढू की बूस्टर?

ओतूरचा_गडी · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. २००७ ची डिझेल पिकअप आहे. टर्बोवाली, जुन्या पद्धतीचा डिझेल पंप, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल पद्धत) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढची तीन पानं 'आमचीच गाडी भारी' यात जातील. किलोमीटर पावणेतीन लाखांच्या पुढे. टोमॅटो, फ्लॉवर, कधी कांदा घेऊन ओतूरहून माळशेजमार्गे कल्याण मार्केटला जातो.

त्रास दोन आहेत. निघताना गाडी एकदम झकास असते. दहा-बारा किलोमीटर झाले, चार ब्रेक लागले, की पेडल वरच्या वर लागायला लागतं आणि दगड होतं. त्याच सुमारास गाडीचा दमही जातो. चौथ्यात ५० च्या पुढे जायला तयार नाही, जरा चढ आला की दुसरा टाकावा लागतो, मागून काळा धूर. मढला चहाला अर्धा तास थांबलं की पुन्हा बरी.

डिझेल फिल्टर नवा, एअर फिल्टर नवा. पंपवाला म्हणतो पंप-नोझल काढून ओव्हरहॉल करा, बावीस हजार. दुसरा म्हणतो बूस्टर (ब्रेक मारताना पायाचा जोर वाढवणारा डबा) गेला. आधी पैसे कुणाला देऊ?

घाटउतार · शनिवार, रात्री ९.५८

काळा धूर आणि ओढत नाही म्हणजे पंप-नोझल. डोळे झाकून. ब्रेकचं वेगळं बघा.

नगरी_मिस्त्री · शनिवार, रात्री १०.१५

डोळे झाकून काही करू नका. आधी टाकीतली जाळी काढून बघा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक उघडं आहे का बघा. जुन्या गाड्यांच्या टाकीत गंज आणि गाळ असतोच, लोड आला की तो जाळीला चिकटतो, गाडी थांबली की खाली बसतो. 'अर्धा तास थांबलं की बरी' हे तिथेही बसतं. एक गोष्ट मात्र बसत नाही. डिझेल कमी पडलं तर धूर काळा कशाला येईल? काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी, किंवा गाडीवर ओझं जास्त.

क्लच पण बघा. रेस वाढते आणि स्पीड वाढत नाही असं होतं का?

ओतूरचा_गडी · शनिवार, रात्री १०.३२

नाही, रेसच वाढत नाही. इंजिन दबल्यासारखा आवाज करतं.

डेपोकाका · रविवार, सकाळी ६.१०

एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं. तिथे एअर ब्रेक, तुमच्या गाडीला हायड्रॉलिक, तरी ब्रेक धरून राहिला की गाडी कशी वागते ते दोन्हीकडे सारखंच.

गडी, एका प्रश्नाचं नीट उत्तर द्या. पेडल घट्ट होतं तेव्हा गाडी थांबत नाही, की पाय नुसता टेकवला तरी गचकन धरते? दोन्हीला लोक 'पेडल घट्ट' म्हणतात. पहिल्यात पायाला जोर लावावा लागतो आणि गाडी घसरत पुढे जाते, तो बूस्टरचा नाहीतर व्हॅक्यूमचा (बूस्टर ज्यावर चालतो ती हवेची ओढ) विषय. दुसऱ्यात ब्रेक आधीच लागलेला असतो, पेडलला जायला जागाच उरलेली नसते.

ओतूरचा_गडी · रविवार, सकाळी ७.०५

दुसरं, काका. हलका पाय लावला तरी गचकन धरते. परवा घाटाच्या तोंडाशी जळका वासही आला. मला वाटलं क्लच.

डेपोकाका · रविवार, सकाळी ७.२०

मग पंपवाल्याला सांगा थोडं थांब. तुमची गाडी ब्रेक लावून पळतेय. इंजिनला ओझं वाढलं की ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, आणि त्यातून काळा धूर येतो. दोन त्रास नसून एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

आज करायचं एवढंच: रिकामी गाडी घ्या, त्रास सुरू होईपर्यंत चालवा, सपाट रस्त्याला तीसच्या स्पीडला न्यूट्रल करा. मोकळी गाडी लांबपर्यंत घरंगळते. तुमची जागेवर बसली तर उत्तर मिळालं. मग ब्रेक न मारता हँडब्रेकवर थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. कुठलं चाक गरम, ते इथे लिहा.

आणि तोवर लोड भरून माळशेज उतरू नका.

दुबईकर_सातारी · रविवार, सकाळी ९.४५

इथे माझ्याकडे जुनी पेट्रोल पिकअप आहे. मलाही ब्रेक घट्ट आणि पिकअप कमी, दोन्ही एकदम आलं होतं. बूस्टरचा रबरी पाइप फाटलेला निघाला. दोनशे रुपयांचं काम. तुम्ही पण आधी तोच बघा.

कोयनाकाठ · रविवार, सकाळी १०.३०

दादा, तुमच्या गाडीत ते बरोबर आहे, यांच्या गाडीत तसंच लागू होणार नाही. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळतो. तो पाइप फाटला की बाहेरची हवा थेट इंजिनात घुसते, मिश्रण बिघडतं, आयडल वरखाली होतो, आणि बूस्टरही उपाशी राहतो. म्हणून तिथे ब्रेक आणि पिकअप एकाच भोकातून जातात.

डिझेलच्या इनटेकमध्ये एवढा व्हॅक्यूम तयारच होत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा बारीक पाइप जातो. तो पाइप फाटला तर ब्रेक जड होईल, पण जुन्या पंपाच्या डिझेलला त्यामुळे ओढ कमी होण्याचं कारण नाही. काही गाड्यांत टर्बोचा किंवा ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह याच व्हॅक्यूमवर चालतो, तिथे मात्र संबंध येतो.

बूस्टर तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, घट्ट होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. मग इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा मारा: पहिले एक-दोन ब्रेक मऊ लागले पाहिजेत. पहिलाच घट्ट लागला तर व्हॅक्यूम धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह गळतोय. गॅरेजमध्ये व्हॅक्यूमचं घड्याळ असेल तर लावून घ्या. पंप चांगला असेल तर पाऱ्याच्या २५ इंचांच्या आसपास दाखवतो.

घाटउतार · रविवार, दुपारी १२.१०

यावरून आठवलं. आमच्याकडे डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे खूप आहेत, काही महाभाग तर चावीच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक मिळतात, मग पेडलवर उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही.

डेपोकाका · रविवार, दुपारी १२.२५

ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं, हे एसटीत पहिल्या आठवड्यात शिकवायचे. फलक आजही घाटाघाटात आहेत, वाचतो कोण.

ओतूरचा_गडी · रविवार, सायंकाळी ५.५०

केलं. डिंगोऱ्याच्या पुढे जाऊन आलो. न्यूट्रल केल्यावर शंभर पावलंही गेली नाही, जागेवर बसली. पुढची दोन्ही चाकं तापलेली, मागचं डावं कोमट, मागचं उजवं सगळ्यात जास्त तापलेलं. ड्रमजवळ हात नेववत नव्हता.

बूस्टरची ती टेस्टही केली. इंजिन चालू केल्यावर पेडल खाली गेलं. पाच मिनिटांनी पहिला ब्रेक मऊ.

डेपोकाका · रविवार, सायंकाळी ६.१५

म्हणजे बूस्टर कामाचा आहे. एकच चाक तापलं असतं तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर, कॅलिपर, नाहीतर रबरी होज बघितला असता. चारही तापतात तेव्हा दोष चाकांत शोधायचा नसतो, वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की चारही चाकांना ब्रेक ऑइल ढकलतो तो) जायचं. उजवं मागचं जास्त का तापलं ते नंतर बघू.

आता सांगा, गेल्या वर्षभरात ब्रेकला कुणी हात लावला होता?

ओतूरचा_गडी · रविवार, सायंकाळी ६.४०

दिवाळीच्या आधी बूस्टर बदलला होता. जुन्या बाजारातला, रिपेअर केलेला. तेव्हाच मास्टर सिलिंडरला नवं किट (आतल्या रबरांचा संच) टाकलं. त्यानंतर महिनाभराने ओढ कमी झाली असं वाटायला लागलं, म्हणून एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडला नाही.

नगरी_मिस्त्री · रविवार, सायंकाळी ६.५५

आला ससा जाळ्यात!

काका पुढचं सांगतीलच, तरी लिहितो. मास्टर सिलिंडरच्या आत, पिस्टन पूर्ण मागे आला की उघडं पडणारं एक बारीक भोक असतं. सुईच्या टोकाएवढं. ब्रेक सोडला की ऑइल त्या भोकातून वरच्या डब्यात परत जातं. बूस्टर आणि मास्टर यांच्या मध्ये जो पुशरॉड असतो तो मिलिमीटरभर जरी लांब बसला, तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलं राहतं. थंड गाडीत काही कळत नाही. चार ब्रेक लागले, ऑइल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही, मग ते लायनर (घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) दाबतं. लायनर घासले की आणखी तापतात. हे चक्र गाडी उभी करून थंड होईपर्यंत थांबत नाही. तुमचं मढचं अर्ध्या तासाचं गणित हेच आहे.

बूस्टर बदलला की पुशरॉडची लांबी मोजायची असते. जुन्या बाजारातला बूस्टर दुसऱ्याच मॉडेलचा असू शकतो, बाहेरून सारखा दिसतो. पेडल उंच लागलं की गिऱ्हाईक खूश होतं, 'ब्रेक एकदम टाइट झाला' म्हणून.

कोयनाकाठ · रविवार, रात्री ८.०५

दुसरं कारणही मनात ठेवा. ब्रेक ऑइलच्या डब्यात कुणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल तर आतले रबर फुगतात आणि तेच भोक झाकतात. लक्षणं अगदी हीच. ओळखायला ग्लासभर पाण्यात डब्यातले दोन थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मास्टरपासून चाकापर्यंत सगळे रबर आणि होज बदलावे लागतात.

काकांनी लोड नेऊ नका म्हटलंय त्यामागचं गणित सांगते. ब्रेक ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे दर्जे असतात. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ चं २३० ला. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. पाणी साधारण पावणेचार टक्क्यांवर गेलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत खाली येतो. माळशेजचे दोन-तीन पावसाळे बघितलेलं ऑइल त्याच वाटेवर असणार. आत्ता तुमचं पेडल दगड होतंय. ड्रमजवळ ऑइल उकळून वाफ झाली की तेच पेडल एका क्षणात फळीला टेकेल, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. आणि ते घाटाच्या मध्यावर होणार.

डेपोकाका · रविवार, रात्री ८.३०

ताईंनी छान सांगितलं.

उद्या गाडी तापलेली असतानाच हे करा. सपाट जागा, चाकांना दगड, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा मारून व्हॅक्यूम संपवा. गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवा, जड असेल. आता मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन आटे ढिले करा आणि सिलिंडर किंचित पुढे ओढा. चाक मोकळं झालं तर पुशरॉड लांब आहे. झालं नाही, तर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचा नट थोडा ढिला करा, खाली फडकं धरा, ऑइल रंगावर पडलं तर रंग जातो. तिथे ऑइल पिचकारीसारखं आलं आणि चाक सुटलं तर दोष सिलिंडरच्या आत, भोक किंवा फुगलेला रबर. तिथेही सुटलं नाही तर चाकाच्या निपलला (ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) जा. निपल सोडल्यावरच सुटलं तर मधला रबरी होज आतून बसलाय. बाहेरून तो नवा दिसतो. पाय दाबला की ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

एक एक जागा सोडत वरून खाली यायचं. सगळे नट एकदम सोडले तर काहीच कळत नाही. हे फक्त तपासणीपुरतं, नट पुन्हा आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. जमणार नसेल तर मिस्त्रीला समोर बसवून करून घ्या.

जाता जाता ब्रेक लाइटही बघा. पाय काढल्यावरही ती जळत राहत असेल तर पेडलच पूर्ण वर येत नाही, वरचा स्विच आडवा येतोय.

ओतूरचा_गडी · सोमवार, रात्री ८.५०

मिस्त्रीकडे बसून केलं. पाण्यात थेंब टाकले, मिसळून गेले. ब्रेक लाइट ठीक. मास्टरचे नट ढिले केले आणि पुढची दोन्ही चाकं हाताने फिरायला लागली! मागचं डावंही. मिस्त्री आधी ऐकायला तयार नव्हता, मग स्वतःच चाक फिरवत बसला.

उजवं मागचं मात्र तसंच जड. ड्रम काढला. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, लिव्हर मागे येतच नव्हता. ड्रम निळा पडलाय, लायनर कडक आणि चकचकीत.

पुशरॉडच्या टोकाचा बोल्ट फिरवून लांबी कमी केली, व्हर्नियरने मोजून. केबल नवी टाकली.

नगरी_मिस्त्री · सोमवार, रात्री ९.१०

निळा ड्रम टर्निंगला द्या, पण आधी ड्रमवर कोरलेला जास्तीत जास्त व्यास वाचा. त्याच्या पुढे गेला तर नवाच. चकचकीत लायनर घासून परत लावणारे भेटतील, नको म्हणा. त्याच चाकाचा व्हील सिलिंडर उघडा आणि एक्सलचं ऑइल सीलही बघा. एवढ्या उष्णतेत रबर वाचत नाही. महिन्याभराने गिअर ऑइल लायनरवर आलं की पुन्हा इथेच याल. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा, लांबच्या चाकापासून एअर काढत या.

अजून एक. मागे जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकलेत का?

ओतूरचा_गडी · सोमवार, रात्री ९.२५

टाकलेत, दोन्ही बाजूंना. लोड बसायला नको म्हणून. सगळेच टाकतात.

नगरी_मिस्त्री · सोमवार, रात्री ९.४०

सगळेच टाकतात हे खरं. पण मागच्या एक्सलवरून एक दांडी वर चॅसीवरच्या व्हॉल्व्हला जाते, ती बघा. लोडने गाडी खाली बसली की तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब देतो. जादा पाट्यांनी गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी, आणि दीड टन भरूनही सगळा ब्रेक पुढची चाकं ओढतात. पुढचे पॅड लवकर जात असतील तर कारण हेच. पाटे ठेवायचेच असतील तर ती दांडी पुन्हा सेट करून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती तुटून तारेने बांधलेली सापडते.

दुबईकर_सातारी · सोमवार, रात्री १०.००

पुढचे पॅड वर्षात दोनदा? माझ्या भावाच्या गाडीचं तेच आहे. सांगतो त्याला.

ओतूरचा_गडी · गुरुवार, रात्री ९.१५

ड्रम नवा, लायनर, सील, व्हील सिलिंडर, डॉट ४ ऑइल, सगळं झालं. थोडा लोड घेऊन मढपर्यंत गेलो. पेडल जागेवर, चाकं थंड, न्यूट्रलला गाडी पळते. ब्रेकचा विषय मिटला.

ओढ पुष्कळ सुधारली, पण पूर्ण नाही. तिसऱ्या-चौथ्याला चढावर अजून काळा धूर आहे, आणि पाय दाबला की फुसफुस आवाज येतो. घाटउतार, तुमच्या पंपाची वेळ आली का?

घाटउतार · गुरुवार, रात्री ९.३०

फुसफुस आवाज पंपाचा नसतो भाऊ. टर्बोकडून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप बघा. जिथे तेलकट काळं दिसेल तिथे हवा बाहेर पडतेय. आयडलला कळणार नाही, रेस दिल्यावरच भेग उघडते.

कोयनाकाठ · गुरुवार, रात्री ९.५०

सहमत. टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळाली की डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून काळा धूर. पाइप काढून उलटा वाकवून बघा, भेग नेमकी खालच्या अंगाला असते. सोबत एवढंही बघा: एकाने आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहायचं. जुन्या केबल ताणतात, नाहीतर पेडलखाली मॅट अडकते. यात रुपयाही जात नाही.

ओतूरचा_गडी · शनिवार, दुपारी १.२०

पाइपच. क्लिपच्या खाली बोटभर चीर होती, बाहेरून दिसतच नव्हती. नवा पाइप, नव्या क्लिपा. लिव्हर टेकतोय. आज पहाटे फ्लॉवर भरून कल्याणला गेलो, येताना टोकावड्याहून रिकामी गाडी तिसऱ्यात घाट चढली. धूर पहिल्या पिकअपला जरासा, मग नाही. पंपाला हात लावला नाही. आरटीओ पासिंगलाही आता बिनधास्त नेतो, गाडी जुनी म्हणून ते दरवर्षी असतंच.

काका, ताई, मिस्त्री, सगळ्यांचे आभार. ओतूरला आलात तर टोमॅटो माझ्याकडून.

घाटउतार · शनिवार, दुपारी १.३५

भाव पडला असेल तेव्हा बोलावणार, माहितीये!

माणदेशी_चाक · शनिवार, दुपारी २.५०

धागा वाचला. माझ्या गाडीचं उलटं आहे. सिग्नलला पाय दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जातं. पुन्हा मारलं की वर येतं. ऑइल बाहेर कुठे गळत नाही, डब्यातही कमी होत नाही. हाच पुशरॉड का?

डेपोकाका · शनिवार, दुपारी ३.१०

नाही. बाहेर गळत नाही आणि पेडल खाली जातंय म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून ऑइल मागे सरकतंय. सिलिंडर आतून घासला असेल तर किट टाकून दोन महिने जातील, मग पुन्हा तेच. पूर्ण सिलिंडर बदला, आणि बदलताना पुशरॉड मोजायला लावा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा. गाडीचं साल लिहा, आणि ब्रेकला आधी कुणी काय केलं ते पहिल्याच पोस्टमध्ये टाका.